सदतीस दिवस आणि सहाशे डॉलर

ट्रुमन एव्हर्ट्स हा कर ठरवणारा सरकारी अधिकारी होता, ही गोष्ट मला पहिल्यापासून आवडते. अमेरिकेचा पश्चिमेकडचा मुलूख म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे घोडा, रुंद काठाची टोपी आणि कमरेचं पिस्तूल येतं. हा गृहस्थ तिथे कोणाकडून किती कर येणं आहे ते ठरवायला गेला होता. यादवी युद्धाचा खर्च भागवायला १८६२ साली तिकडे अंतर्गत महसुलाचं खातं निघालं. १८६४ साली मोंटाना हा नवा प्रदेश आखला गेला आणि त्याच वर्षी, जिथे पुढे हेलेना गाव वसलं त्या घळीत सोनं सापडलं. सोन्यामागे माणसं गेली, माणसांमागे करवाले गेले. मूळचा व्हरमाँटचा, म्हणजे पार पूर्वेकडचा असलेला एव्हर्ट्स लिंकनच्या कारकिर्दीत नेमणुकीचा कागद घेऊन तिथे पोचला.

१८७० साल उजाडेपर्यंत राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीत ग्रँट बसला होता आणि एव्हर्ट्सची खुर्ची गेली होती. सरकार बदललं की खालचे हलतात, त्यात नवल नाही. वय चौपन्न, नजर अधू, हातात काम नाही. पूर्वेकडे परत जायच्या आधी गावातली चार बडी माणसं एका सफरीला निघाली होती, त्यांत हाही सामील झाला. ती सफर म्हणजे पुढे यलोस्टोन नॅशनल पार्क झालेल्या प्रदेशाची गाजलेली वॉशबर्न मोहीम.

मोहीम म्हटलं की फार काही वाटतं, पण माणसं बघा. हेन्री वॉशबर्न हा मोंटानाच्या भूमापन खात्याचा प्रमुख. कॉर्नेलियस हेजेस वकील. नॅथॅनियल लँगफर्ड हा एव्हर्ट्ससारखाच महसूल खात्यातून आलेला. रेल्वे कंपनीशी त्याचं संधान होतं आणि पुढच्या वर्षी ह्याच प्रदेशावर त्याने पूर्वेकडे व्याख्यानं दिली. बरोबर लेफ्टनंट गस्टाव्हस डोन आणि त्याचे मोजके शिपाई, सामानाचे घोडे हाकणारे दोघे, स्वयंपाकी दोघे. सगळे मिळून १९. २२ ऑगस्टला फोर्ट एलिसच्या छावणीतून निघाले.

ह्यातल्या डोनची मला विशेष दया येते. त्याच्या अंगठ्याला नखुरडं झालं होतं. ज्याला झालंय त्यालाच कळेल. ठणका असा की रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही. दिवसा हा बिचारा घोड्यावरून धबधब्यांची उंची मापतोय, टिपणं काढतोय आणि रात्री तंबूबाहेर येरझाऱ्या घालतोय. शेवटी यलोस्टोन सरोवरापाशी लँगफर्डने खिशातल्या चाकूला धार लावली आणि अंगठा हाडापर्यंत चिरला. त्यानंतर डोन जो झोपला तो दीड दिवस उठलाच नाही. उठल्यावर मात्र त्याने लिहिलेला अहवाल इतका नेटका आहे की सरकारी कागदपत्रांत तो आजही मानाने उल्लेखला जातो.

एव्हर्ट्स हरवला तो ह्यानंतर काही दिवसांतच, ९ सप्टेंबरला.

सरोवराच्या दक्षिणेला लॉजपोल पाइनचं रान आहे. मी ते रस्त्यावरूनच पाहिलंय, पण तेवढ्यानेही कल्पना येते. सरळसोट, सारख्या जाडीची, सारख्या उंचीची झाडं. एक पाहिलं की सगळी पाहिली. खरा त्रास उभ्या झाडांचा नसतो, आडव्यांचा असतो. वाऱ्याने पडलेले ओंडके एकमेकांवर असे विस्कटलेले असतात की घोड्याला पाय टाकायला जागा सापडत नाही. मग मंडळी पांगतात, जो तो आपापली वाट शोधतो आणि पलीकडे मोकळ्यावर पुन्हा एकत्र येतात. तसं त्या दिवशीही झालं. एव्हर्ट्स तेवढा पलीकडे आला नाही.

पहिल्या रात्री तो अजिबात घाबरला नव्हता. सकाळी मंडळी सापडतील, न्याहारी त्यांच्याबरोबरच करू, अशा हिशेबात त्याने शेकोटी पेटवली आणि झोपला. दुसऱ्या दिवशी वाट दिसेना म्हणून पुढे बघून येऊ अशा विचाराने तो उतरला आणि घोडा तसाच उभा ठेवून चार पावलं गेला. घोडा बिचकला आणि उधळला. त्याच्या पाठीवर बंदूक, पिस्तुलं, कांबळी, मासे धरायचा गळ, आगपेटी, सगळं होतं. अंगावरचे कपडे, दोन चाकू आणि नाटक बघताना वापरतात तसली एक छोटी दुर्बीण, एवढंच त्याच्यापाशी उरलं. अर्धा दिवस घोडा शोधण्यात गेला. आपण कुठल्या दिशेला जातोय त्याच्या चिठ्ठ्या लिहून त्याने मोकळ्या जागी लावल्या. थोड्या वेळाने बघतो तर दोन्ही चाकूही पडलेले.

दुर्बीण तेवढी राहिली. सगळं गेलं आणि नाटकाची दुर्बीण शिल्लक, हे कोणी कथेत लिहिलं असतं तर मी त्याला म्हटलं असतं, जरा अती होतंय.

मी हा सगळा प्रकार एव्हर्ट्सच्या स्वतःच्या शब्दांत वाचला, गार्डिनर गावातल्या एका मोटेलमध्ये. दादा आणि वहिनी सॉल्ट लेक सिटीला राहतात. उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेले होते तेव्हा आम्ही तिघं यलोस्टोनला आलो. दादा हिशेबनीस आहे, वहिनी हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ. ह्या दोघांना ही गोष्ट सांगणं म्हणजे लेखापरीक्षण आणि वैद्यकीय तपासणी दोन्ही एकदम. पण ते पुढे.

त्याचा लेख १८७१ च्या नोव्हेंबरात 'स्क्रिब्नर्स' मासिकात आला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे भाषा जरा फुलारलेली आहे, दर पानाला परमेश्वराचे आभार आहेत. तरी मधेच एखादी गोष्ट अशी येते की ती बनवलेली नाही हे लगेच कळतं. भटकत तो एका तळ्याकाठी पोचला (ह्या तळ्याला त्याने आपल्या मुलीचं नाव दिलं होतं, आज नकाशात ते हार्ट लेक आहे). लांब पाण्यावर त्याला एक होडी दिसली, एकटा माणूस वल्हवत येतोय. हा आनंदाने काठाकडे धावला. होडी जवळ आली आणि तिने पंख पसरले. पेलिकन होता.

त्याच दिवशी त्याला ते झाड भेटलं, ज्याच्यावर तो जगला. हिरवागार, काटेरी, जाड देठाचा थिसल. आपल्या माळावरच्या उंटकटारीच्या कुळातला, पण अंगाने भरलेला. त्याने तो उपटला, तर खाली मुळ्यासारखं लांब, निमुळतं मूळ. चावून बघितलं. गोडसर लागलं. चार दिवसांत पोटात पडलेलं ते पहिलं अन्न. आज तिकडे ह्या झाडाला 'एव्हर्ट्सचा थिसल' असंही म्हणतात. मॅमथ हॉट स्प्रिंग्जच्या वरच्या बाजूला एका ओलसर कुरणाच्या कडेला आम्ही तो पाहिला. कमरेएवढा उंच, देठ अंगठ्याहून जाड आणि त्यावर कोळिष्टकासारखी पांढरी लव. पानं खाली झुकलेली, कडांना पिवळसर काटे. शेंड्याला फिकट जांभळ्या फुलांचा गेंद, पानांतच अर्धा दडलेला. वहिनीने वाकून देठाला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. उपटायला अर्थातच बंदी आहे. "हे रोज? नुसतं हेच?" ती म्हणाली.

नुसतं हेच. एक लहानसा पक्षी हाती लागला तो त्याने कच्चा खाल्ला. एकदा ओढ्यातले बारके मासे खाल्ले, त्यांनी पोट बिघडलं. बाकी महिनाभर मुळं.

ज्या दिवशी मूळ सापडलं त्याच रात्री प्यूमा, म्हणजे तिकडचा पहाडी सिंह, आला. एव्हर्ट्स झाडाखाली झोपलेला असताना बाईने किंचाळावं तसा आवाज झाला. तो मिळेल त्या फांदीला धरून वर चढला आणि खाली ते जनावर झाडाला फेऱ्या मारतंय, शेपटीने झुडपं झोडतंय. हा वरून ओरडला, फांद्या मोडून फेकल्या. शेवटी ओरडणं बंद करून गप्प बसला, तेव्हा ते जनावर आणखी एकदा डरकाळलं आणि निघून गेलं. खाली उतरून तो त्याच झाडाखाली परत झोपला. मला ह्या वाक्याशी थांबावं लागलं. धैर्य म्हणावं का हे? मला वाटतं, थकवा होता. थकव्याने माणूस जे करतो त्याला आपण नंतर मोठमोठी नावं देतो.

मग बर्फ पडायला लागलं. तळ्याच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी गरम पाण्याची कुंडं आहेत, तिथे तो पोचला आणि दोन कुंडांच्या मधल्या उबदार जमिनीवर आठवडाभर पडून राहिला. आजूबाजूला वादळ, खालून शेक. एका कुंडात मुळं उकडायची, दुसऱ्याशेजारी झोपायचं. ह्या आठवड्यात त्याची प्रकृती सुधारायला हवी होती. पण झोपेत कूस बदलताना जमिनीचा पापुद्रा फुटला आणि खालच्या वाफेने त्याची कंबर भाजून निघाली. पाय आधीच बर्फाने बधिर झाले होते. म्हणजे एकाच वेळी एका माणसाच्या अंगावर हिमदंशही आणि भाजल्याचे फोडही.

यलोस्टोनला गेलेल्या कोणालाही हा पापुद्रा माहीत असतो. तिथे कुंडांभोवती लाकडी फळ्यांची पायवाट आहे आणि दर थोड्या अंतरावर पाटी, की पायवाट सोडू नका. पायवाटेवरून वाकून पाहिलं की खालची जमीन राखी-पांढरी, सुकलेल्या भाताच्या पेजेसारखी दिसते, मधे मधे बोटाएवढी भोकं आणि त्यांतून बुडबुड्यांचा आवाज. गंधकाचा वास नाकात बसतो तो रात्री जेवतानाही जात नाही. एक पोरगा फळीच्या कडेवर बसून पाय खाली हलवत होता, त्याला त्याच्या आईने दंडाला धरून असा ओढला की बघणारे सगळे गप्प झाले. ती बाई बरोबर होती. दरवर्षी लाखो माणसं ह्या पायवाटेवरून जातात, तरी अधूनमधून कोणीतरी उतरतोच, आणि जीवही गेलेले आहेत.

त्या वाफेत पडल्या पडल्या एव्हर्ट्सला दुर्बीण आठवली. ऊन पडलं होतं. दुर्बिणीतलं भिंग त्याने वाळक्या लाकडावर धरलं आणि धूर आला. घोडा गेल्यापासून इतके दिवस ती वस्तू त्याच्याजवळच होती, त्याला सुचलं नव्हतं. आपल्यालाही सुचलं नसतं. नाटकाच्या दुर्बिणीतून माणूस नाटक बघतो. आता आग जवळ आली, म्हणजे सुटका जवळ आली असं वाचणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात ती आग एका रात्री शेकोटीतून सटकून रानाला लागली. हात भाजला, केस करपले, तो कसाबसा बाहेर पडला.

पुढचा भाग विचित्र आहे. त्याला डोंगरांतून मॅडिसन नदीच्या खोऱ्यात उतरायचं होतं. तिथून वस्ती जवळ. पण खिंड काही सापडेना. तेव्हा त्याचा एक जुना परिचित समोर येऊन उभा राहिला, चर्चमधला पोक्त माणूस. म्हणाला, मागे फीर, आलास त्याच वाटेने जा. एव्हर्ट्सने हुज्जत घातली. इथवर आलोय, वाया कसं घालवू, पलीकडे पोचलो की सुटलो. म्हातारा हटेना. शेवटी एव्हर्ट्स चरफडत वळला, आणि वाटेत तो म्हातारा त्याला मधून मधून सोबत करत राहिला. सल्ला योग्य होता. त्या डोंगरात शिरला असता तर हाडंही सापडली नसती. आपल्याच डोक्याने आपल्याशी बोलायला दुसऱ्याचा चेहरा उसना घ्यावा आणि तरीही त्याच्याशी वाद घालावा, हे मला त्या माणसाच्या स्वभावाला धरून वाटतं. आणखी पुढे तर त्याचे हातपाय आणि पोट ही वेगवेगळी माणसं झाली. पोट कुरकुर करायचं, पाय म्हणायचे आता चालवत नाही, आणि हा सगळ्यांची समजूत घालायचा.

परतीच्या वाटेवर सरोवराकाठी त्याला सोबत्यांचा सोडलेला तळ लागला. त्यांनी त्याला शोधलं नव्हतं असं नाही. बंदुका झाडल्या, उंचावर जाळ केले, सरोवराच्या काठाने ठिकठिकाणी चिठ्ठ्या आणि खाणं ठेवलं. त्यांच्यातला वॉरन जिलेट दोन शिपायांना घेऊन मागे राहिला आणि शोधत हिंडला. बाकीचे पुढे गेले. त्यांनी १८ सप्टेंबरला एक मोठं कारंजं पाहिलं आणि ते वेळ पाळतं म्हणून त्याला ओल्ड फेथफुल म्हटलं. इकडे एव्हर्ट्सला जो तळ लागला, तिथे मात्र ना चिठ्ठी होती ना खाणं. जेवणाचा एक काटा पडला होता आणि एक छोटा पत्र्याचा डबा. काट्याने त्याने पुढे मुळं उकरली. डब्यात, वाटेत सापडलेला एका पाणपक्ष्याचा पंख दगडाने ठेचून शिजवला आणि त्याचं सूप प्याला.

१६ ऑक्टोबरला जॅक बॅरोनेट आणि जॉर्ज प्रिचेट त्याला शोधत होते. हेलेनातल्या मित्रांनी एव्हर्ट्ससाठी ६०० डॉलरचं बक्षीस लावलं होतं. बॅरोनेट हा स्कॉटलंडचा, सोन्याच्या मागे जगभर हिंडलेला. त्याचा कुत्रा गुरगुरला. समोरच्या उतारावर काहीतरी काळं सरपटत होतं. त्याला वाटलं अस्वल आहे, जखमी असावं. गोळी घालणार इतक्यात त्याला कण्हल्यासारखा आवाज आला. जवळ जाऊन पाहिलं तर माणूस, हातापायांवर रांगणारा. पायांवर मांस उरलेलं नव्हतं. त्याचं वजन पन्नास पौंड भरलं असं सगळीकडे छापतात. पन्नास पौंड म्हणजे जेमतेम तेवीस किलो. वहिनीने हे साफ नाकारलं. "मोठा माणूस तेवढ्यावर जिवंत नसतो गं. कोणीतरी डोळ्यांनी वजन केलंय."

पण खरी गंमत तिला पुढच्या भागाची वाटली. प्रिचेट मदत आणायला गेला, बॅरोनेट त्याच्याजवळ राहिला. माणूस वाचला, पण पोट चालेना. महिनाभराच्या मुळांचे धागे आतड्यात गच्च बसले होते. दुखणं इतकं की सापडूनही मरतो की काय. तेवढ्यात एक म्हातारा शिकारी तिथे आला. त्याने नुकतंच अस्वल मारलं होतं. त्याने अस्वलाची चरबी वितळवून केलेलं तेल एक पाइंट भरून ह्याला पाजलं. दुसऱ्या दिवशी एव्हर्ट्सला भूक लागली.

"आम्ही तंतूमय पदार्थ खा, तंतूमय पदार्थ खा म्हणून पेशंटच्या मागे लागतो," वहिनी म्हणाली, "आणि ह्याला तंतूंनीच धरलं होतं!"

बक्षिसाचा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण तिथे दादा चमकणार हे मला ठाऊक होतं. एव्हर्ट्सने ते ६०० डॉलर दिले नाहीत. म्हणाला, मी माझ्या पायांनी येतच होतो, वाचवलंत कसलं? अजून थोडं गेलो असतो तर आपोआप पोचलो असतो.

"बक्षीस लावलं कोणी?" दादाने विचारलं.

"मित्रांनी."

"मग ह्याचा संबंध नाही. ज्यांनी कबूल केलं त्यांनी द्यायचं."

"अरे पण जीव वाचवला ना त्यांनी!"

"ते ठीक आहे. मी देण्याचं बोलतोय."

वहिनीने त्याच्याकडे असं बघितलं की मोटेलच्या त्या पिवळ्या दिव्यातही मला तिचा विचार वाचता आला. रात्री उशिरापर्यंत त्या दोघांचं हे चाललं. मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचंही नव्हतं. पाय गोठलेले, हात भाजलेला, रांगत चाललेला माणूस 'येतच होतो' म्हणतो, हे ऐकून हसू येतं. पण तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. दर दिवशी सकाळी उठून स्वतःला हेच सांगितलं असेल त्याने, की मी येतोच आहे. हे एक वाक्य खरं धरलं नसतं तर तो त्या कुंडांशेजारीच राहिला असता, उबेत, कायमचा. भुताशीसुद्धा वाद घालणारा, पोटाची समजूत घालणारा, मुळं मोजून खाणारा तो चिवट हट्टी माणूस सुटका झाल्याबरोबर उदार आणि नम्र कसा होणार? हट्ट तोच. फक्त आता समोर डोंगर नव्हता, पैसे मागणारी माणसं होती.

पश्चिमेच्या कथांमध्ये असा माणूस फारसा ठेवत नाहीत. तिथे वाचलेला माणूस कृतज्ञ असतो. आणि ज्याच्यातून तो वाचला तो मुलूख निर्मनुष्य असतो. ही दुसरी गोष्टही खरी नाही. एव्हर्ट्स ज्या रानात उपाशी हिंडत होता तिथे तुकुडिका, म्हणजे शोशोनी ह्या तिथल्या मूळ रहिवाशांची मेंढ्यांवर जगणारी शाखा, पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. मोठ्या रानमेंढ्याच्या शिंगांची त्यांची धनुष्यं नावाजलेली होती. क्रो आणि बॅनक लोकांच्या वाटा त्या पठारावरून जात होत्या. वॉशबर्नची मंडळी काही ठिकाणी त्याच वाटांवरून घोडे हाकत होती. कुठलं मूळ कधी उकरायचं आणि कसं भाजायचं हे त्या बायकापोरांना पाठ असणार. एव्हर्ट्स हरवला होता तो हेलेनापासून.

सात वर्षांनी, १८७७ च्या ऑगस्टमध्ये, नेझ पर्स ह्या मूळ रहिवासी जमातीचे लोक ह्याच पार्कमधून गेले. बायका, मुलं, म्हातारे धरून सुमारे ८००, मागे जनरल हॉवर्डचं सैन्य. सरकारने त्यांची जमीन काढून घेतली होती आणि ते पळत होते. वाटेत त्यांना सहलीला आलेले लोक भेटले. त्यांत जॉर्ज कावन आणि त्याची बायको एमा ही जोडी होती. त्या दिवशी त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता. कावनला मांडीत गोळी लागली, मग जवळून डोक्यात. एमाला आणि तिच्या भावंडांना नेझ पर्सांनी बरोबर नेलं आणि नंतर सोडून दिलं. इकडे मेला म्हणून टाकलेला कावन शुद्धीवर आला, पुन्हा एक गोळी खाल्ली आणि कित्येक दिवस रांगत राहून सैन्याच्या हाती लागला. घरी नेताना त्याची गाडी उलटली. बोझमनच्या हॉटेलात त्याला ज्या पलंगावर ठेवलं होतं तो मोडला. तरी तो जगला, आणि कवटीतून काढलेली ती गोळी पुढे घड्याळाच्या साखळीला लावून मिरवली. प्रवाशांच्या विपत्तींमध्ये ही गोष्ट हमखास सांगतात. त्या ८०० माणसांचा प्रवास मात्र कॅनडाच्या हद्दीपासून सुमारे चाळीस मैलांवर, ऑक्टोबरच्या थंडीत, शरणागतीने संपला. तो प्रवासवर्णनात धरत नाहीत.

एव्हर्ट्सला ह्या सगळ्यातून मिळालं काय, तर एक डोंगर. मॅमथच्या समोर माउंट एव्हर्ट्स म्हणून लांबलचक, सपाट माथ्याची कड उभी आहे. तो सापडला ती जागा त्या कडेपासून काही मैल दूर आहे. नाव देणाऱ्यांची गल्लत झाली. आम्ही मॅमथला पोचलो तेव्हा त्या कडेवर संध्याकाळचं ऊन होतं आणि खाली जुन्या छावणीच्या हिरवळीवर एल्क हरणं गाईंसारखी रवंथ करत बसली होती. दादाने दोन्हींचा फोटो काढला आणि म्हणाला, पत्तासुद्धा चुकीचा दिलाय बिचाऱ्याला.

त्याच्या लेखाने यलोस्टोनचं नाव घरोघर गेलं. १ मार्च १८७२ ला ग्रँटने कायद्यावर सही केली आणि तो जगातला पहिला नॅशनल पार्क झाला. त्याचा अधीक्षक म्हणून एव्हर्ट्सचं नाव पुढे आलं होतं. ह्या पदाला पगार नव्हता. त्याने नकार दिला. जागा लँगफर्डला मिळाली, त्याच नखुरडं कापणाऱ्याला, आणि पाच वर्षांत त्याला एक पैसा मिळाला नाही. दादाच्या मते ह्या एका निर्णयावरून एव्हर्ट्स पूर्ण शुद्धीवर होता हे सिद्ध होतं. पुढे त्याने दुसरं लग्न केलं, मेरीलँडमध्ये हायट्सव्हिलला राहिला, पंचाहत्तराव्या वर्षी त्याला मुलगा झाला आणि १९०१ साली तो वारला. चौपन्नाव्या वर्षी ज्याच्या नावाने गावात हळहळ झाली होती, तो नंतर तीस वर्षं जगला.

आणि बॅरोनेट? त्याने बक्षिसाची वाट बघितली नाही. १८७१ साली, म्हणजे एव्हर्ट्स सापडल्यावर काही महिन्यांतच, त्याने यलोस्टोन नदीवरचा पहिला पूल बांधला, लमार नदीच्या संगमाजवळ, आणि खाणींकडे जाणाऱ्या प्रत्येकाकडून टोल घ्यायला लागला. नेझ पर्सांनी जाताना तो पूल पेटवला. मागून आलेल्या हॉवर्डच्या सैन्याला पलीकडे जायचं होतं, तेव्हा पूल दुरुस्त करायला त्यांनी शेजारचंच एक घर मोडून लाकडं वापरली. ते घर बॅरोनेटचं होतं.